गल्ल्यावर कोण बसणार?

काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, काही जुनी नाणी जमवतात. मी वैताग जमवला! ‘आपुलकी भांडारा’त इतकी वर्षं बिनपगारी काम केलं, त्याची कमाई एवढीच. घरी पाहुणे आले आणि चहाबरोबर ठेवायला काही नसलं की मी त्यातलाच एखादा किस्सा काढते. लोक पोट धरून हसतात. माझ्या मात्र सांगताना अजूनही कपाळात तिडीक जाते.

भांडार म्हणजे काय, ते आधी सांगते. सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. खात्यापित्या घरच्या लोकांनी वापरून झालेल्या वस्तू आणून द्यायच्या, साड्या, स्वेटर, स्टोव्ह, कपबशा, जे असेल ते. आम्ही ते स्वस्तात विकायचं. अंधांनी विणलेल्या वेताच्या खुर्च्या आणि अपंगांनी केलेल्या मेणबत्त्याही असायच्या. नफा जायचा त्यांच्याच मदतीला. हेतू सोन्यासारखा. बाहेर ठळक पाटी होती, ‘अपंगांचे हक्काचे दुकान’. आणि त्या पाटीखाली अशा उंच उंच दगडी पायऱ्या, की धडधाकट माणूससुद्धा वर आला की आधी पाणी मागायचा!

दुकान चालवायची बायकांची एक समिती. तिच्या अध्यक्षबाई धरमपेठेतल्या मोठ्या बंगल्यात राहायच्या. स्वभावानं प्रेमळ, बोलणं साखरेच्या पाकातलं. अपंग माणूस दिसला की त्या मान तिरकी करून त्याच्याशी बोलायच्या, मग तो साठीचा का असेना. मी त्या समितीची सेक्रेटरी. म्हणजे दुकान उघडायची, झाडायची आणि शिव्या खायची.

आणि वच्छला. ती आमच्याकडे पगारावर होती. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही काखांत कुबड्या. पाचपावलीहून हातानं चालवायच्या तीनचाकीवर यायची. मॅट्रिक झालेली, हिशोबात चोख आणि तोंडानं फटकळ. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, दुकानात पुढं, गल्ल्यावर बसायचं. समितीनं तिला बसवलं होतं मागच्या खोलीत, आलेले कपडे निवडायला. मागचं अंगण उंचावर असल्यानं ती तिकडून विनापायरी आत यायची, आणि त्या खोलीतून दुकानातही सरळ जाता यायचं. म्हणजे अडचण पायांची नव्हतीच!

एकदा तिनं अध्यक्षबाईंना तोंडावर विचारलं, “मले काहून नाही बसवत जी गल्ल्यावर?”

बाईंनी मान तिरकी केली. “अगं बाळ, तुला बघून गिऱ्हाइकांना वाईट वाटतं.”

“मंग त्यांले बसवा ना मागच्या खोलीत!”

*

देणगी देणाऱ्यांचं काय सांगू? ज्या वस्तू भंगारवाला हात जोडून परत करतो, त्या आमच्याकडे यायच्या. वर ‘पोच द्या’ म्हणायचे.

रामदासपेठेतल्या एक बाई एकदा मखमली पिशवी घेऊन आल्या. पिशवीत एक बूट. चांगला, कातडी, पॉलिश केलेला. पण एकच!

“दुसरा?” मी विचारलं.

“रामटेकला गेला हो! देवळाबाहेर काढून ठेवले होते, माकडानं एक पळवला. आता हा टाकवत नाही. म्हटलं, तुमच्याकडे एका पायाची माणसं येतात ना. कोणाच्या तरी कामी येईल.”

मी बूट घेतला. आमच्याकडे किसनभाऊ म्हणून होते, मेणबत्त्या करायचे. अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. त्यांच्या हातात बूट दिला. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला, वास घेतला आणि माझ्यापुढं ठेवला.

“बाई, हा डाव्या पायाचा हाये. माहा तं डावाच गेला. त्या बाईले सांगा, पुढच्या खेपेले माकडाले डावा नेऊ द्या.”

पुढं त्या बाई भेटल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. वाटलं, ओशाळतील. कसलं काय!

“कमाल आहे!” त्या म्हणाल्या. “फुकटच्यात कोणी डावं-उजवं बघतं का?”

*

नामदेवराव आमचे खुर्च्या विणणारे. जन्मापासून डोळ्यांनी अंध. वेताची पट्टी त्यांच्या हातात अशी पळायची की बघत राहावं. गिऱ्हाइकंही बघत राहायची, आणि तिथंच घोटाळा व्हायचा.

एकदा एक साहेब आणि त्यांच्या मिसेस आल्या. नामदेवराव त्यांच्यापासून हातभर अंतरावर विणत बसलेले. साहेबांनी मला विचारलं, “हे किती वर्षं काम करतात?”

मी म्हटलं, “त्यांनाच विचारा ना.”

साहेब हसले. मग मिसेसनी मला विचारलं, “यांचं लग्न झालंय का हो?” तेवढ्यात चहा आला. साहेबांनी पुन्हा मलाच विचारलं, “यांना साखर किती लागते?”

नामदेवरावांचा हात थांबला. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मी आंधळा आहो. बहिरा नाही. साखर दोन चमचे.”

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. माझ्याकडे वळून म्हणतात कसे, “अरे वा! बोलतात की!”

*

बहिऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी आमच्याकडे दामलेकाका होते. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, गल्ल्यावर बसायचे. त्यांची ठाम समजूत अशी, की जगात कोणी बहिरं नसतं, आपण बोलायला कमी पडतो!

गांधीबागेतला एक मुका-बहिरा टेलर शिवणयंत्र बघायला आला. खुणेनं त्यानं किंमत विचारली. एका बोटानं सांगता आलं असतं. पण दामलेकाकांनी बाह्या सरसावल्या.

“मशीन चांगलं आहेऽऽ!”

टेलरनं पुन्हा खूण केली. काकांनी आवाज चढवला. “तेल घालावं लागेलऽऽ!” गल्लीतली माणसं दारात जमली. समोरचा पानवाला धावत आला, त्याला वाटलं मारामारी सुरू झाली. काकांचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या, कपाळावर घाम.

टेलर घाबरला. त्यानं पटकन काकांना धरून खुर्चीत बसवलं, शर्टाची वरची बटणं सोडली, पाणी पाजलं आणि आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवून खूण केली, यांना डॉक्टरकडे न्या!

*

वच्छलाची तीनचाकी कधी कधी पुढच्या दारासमोर थांबायची. मागच्या अंगणाची कडी मी आतून काढेपर्यंत ती तिथं उन्हात बसून राहायची. असंच एकदा कोणी सायकलवाला थांबला, तिच्याकडे बघून हळहळला आणि तिच्या मांडीवर नाणं टाकून निघाला.

मी दार उघडायला आणि ते व्हायला एकच गाठ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार, त्याआधी वच्छलानं हाक मारली, “ओ भाऊ! थांबा ना गा! दुकान उघडून राहिलं. आतमधी बायकोसाठी चांगले स्वेटर आले हायत, पाहून तं घ्या!”

तो बिचारा इतका गडबडला की आत येऊन खरंच स्वेटर घेऊन गेला. ते नाणं तिनं स्वेटरच्या किमतीत धरून टाकलं.

मी हे समितीत मुद्दाम सांगितलं. म्हटलं, बघा, ही मुलगी रस्त्यावरच्या माणसाला माल विकते, हिला गल्ल्यावर बसवा. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाई तर भारावून गेल्या.

“खरंच, किती गुणी आहे! आपण असं करू या. तिला रोज बाहेर दाराशीच बसवू या. विक्री वाढेल!”

*

आता उताराचं ऐका.

पायऱ्यांवरून मी इतकी वर्षं कटकट केली, की शेवटी समितीनं ठरवलं, पायऱ्यांच्या बाजूनं तीनचाकी वर येईल असा उतार बांधायचा. इतवारीतले एक कापडवाले शेटजी खर्च द्यायला तयार झाले. त्यांची एकच अट होती. “अपने पिताजी के नाम का पत्थर लगना चाहिए.”

पत्थर आला. संगमरवरी, दाराएवढा! आधी तो बसला, मग उरलेल्या जागेत उतार. त्यामुळं तो असा उभा झाला की त्यावरून गाडी नाही, पाणीच जाऊ शकेल. शिवाय शेटजींनी गवंड्याला बजावलं होतं, काम असं गुळगुळीत झालं पाहिजे की चेहरा दिसला पाहिजे. गवंडीही इमानदार. चेहरा दिसायचा.

उद्घाटनाला वच्छलाला तीनचाकीसकट बोलावलं. तिघांनी मागून रेटा देऊन कशीबशी गाडी वर नेली, टाळ्या वाजल्या, आणि गाडी खट्कन थांबली. समोर उंबरठा! जुन्या घराचा, सागवानी, चांगला वीतभर उंच. उताराच्या भानगडीत तो कोणाच्या ध्यानातच आला नव्हता.

मी म्हटलं, “त्यात काय, सुताराला बोलावून काढून टाकू.”

जणू मी देव उचलून बाहेर फेका म्हटलं होतं! अध्यक्षबाईंनी कानांवर हात ठेवले. “उंबरठा काढायचा? दिवाळीला आपण तिथं लक्ष्मीची पावलं काढतो. मग लक्ष्मी कुठून येणार?”

वच्छला उतारावर अधांतरी. मागून तिघं दात-ओठ खाऊन गाडी धरून उभे. ती म्हणाली, “लक्ष्मीले पाय हायत बाई, ते वलांडून येईन. मी कुठून येऊ, ते सांगा!”

यावर चर्चा झाली. पुढच्या दोन मीटिंगा त्यातच गेल्या. ठराव असा झाला की उंबरठा राहावा. आणि गल्लीतली पोरं उताराची घसरगुंडी करतात, कोणी पडेल, म्हणून त्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडाव्यात.

पुढं मुंबईहून एका मोठ्या संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. दारात थबकून म्हणाल्या, “अय्या, किती सुरेख बाग केलीत!”

*

मग ते वर्ष उजाडलं. सगळ्या जगानं मिळून ठरवलं की हे वर्ष अपंगांचं. आमच्या समितीच्या अंगात आलं! भाषणं, फेऱ्या, भित्तिपत्रकं. त्यात एक सत्कार ठरला. ‘आदर्श अपंग’ म्हणून वच्छलाची निवड झाली. तिला कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कोणाला माहीत नव्हतं.

हॉलचं व्यासपीठ उंच. वच्छला म्हणाली, “मले उचलू नका जी. पायरीपायरीवर बसत माह्यानं चढणं होते.” पण दोन उत्साही स्वयंसेवक ऐकतील तर शपथ! गव्हाचं पोतं उचलावं तशी उचलून तिला वर ठेवली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली मान घालून बसले.

तिनं कुबड्या काखेत घेतल्या आणि उभी राहिली. पाहुण्यांनी शाल दिली. मग नारळ दिला. मग गुच्छ दिला, आणि त्यावर फ्रेम केलेलं मानपत्र, काचेसकट! दोन्ही हात कुबड्यांवर असलेली ती मुलगी, आणि तिच्या अंगावर एकेक वस्तू येते आहे.

“हास बाळ, फोटो काढतायत,” अध्यक्षबाई कुजबुजल्या.

वच्छलानं नारळ हनुवटीखाली दाबला, तसाच दाबून ठेवला आणि दातांमधून बोलली, “बाई, हासते. पण आधी कोनी तरी माह्या कुबड्या धरा, नाहीतं मले धरा!”

तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली लिहिलं होतं, ‘आनंदाने भारावलेली आदर्श अपंग युवती’.

सत्काराहून घरी जाताना तिनं मला एवढंच विचारलं होतं, “ताई, आदर्श झाली ना मी? आता तं गल्ल्यावर बसवतीन ना?”

मी आदल्याच दिवशी पुन्हा विचारलं होतं, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, “आता तर ती आपली मानाची व्यक्ती आहे. तिला कसं कामाला लावायचं?”

*

शेवटचा सांगते आणि उठते. माझा हाच आवडता.

दिवाळी तोंडावर आलेली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमके दामलेकाका तापानं फणफणलेले! गल्ल्यावर बसायला कोणी नाही. अध्यक्षबाई कुठल्याशा फराळाच्या कार्यक्रमाला गेलेल्या. मी मागच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “वच्छला, ऊठ. चल.”

तिनं केस नीट केले, पदर खोचला आणि आली. गल्ल्याचं टेबल जुन्या पद्धतीचं, छातीइतकं उंच. तिच्या कुबड्या मी मागच्या फळीला टेकवून ठेवल्या. समोरून बघणाऱ्याला दिसायची ती फक्त गल्ल्यावर बसलेली एक मुलगी.

दुपारपर्यंत तिनं दुकान असं चालवलं की मी बघतच राहिले. मग सिव्हिल लाइन्समधल्या एक बाई आल्या. रेशमी साडी, बाहेर मोटार उभी. त्यांना चिनी मातीचा चहाचा सेट पसंत पडला.

“यात एक कप कमी आहे,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या किमतीत दे.”

“एकच कप कमी हाये, बाई. अर्ध्या किमतीत पाहिजेन तं अर्धे कप न्या.”

“काय म्हणालीस? बोलायची काही रीत?”

“तुमाले भाव करायची रीत हाये काय? मोटारीतून येता अन् गरिबाच्या दुकानात घासाघीस करून राहिल्या!”

झालं! बाईंचा आवाज गल्लीपर्यंत गेला. “उर्मट! उद्धट! कोणी ठेवलं हिला इथं? आणि बघा तरी कशी ऐसपैस बसलीये! समोर कोण उभं आहे, त्याच्यासाठी उठून उभं राहायची तसदीसुद्धा घेत नाही! आळशी कुठली!”

मी पुढं धावले. “अहो, थांबा, तिला...”

टेबलाखालून वच्छलानं माझा पदर घट्ट धरला. तोंडातल्या तोंडात म्हणाली, “ताई, सांगू नका. तुमाले माही शपथ हाये.”

आणि मग मोठ्यानं, हनुवटी वर करून, “हौ, नाही उठत! काय करता?”

“अध्यक्षबाई माझ्या मैत्रीण आहेत! बघतेच तुला!” बाईंनी सेट तिथंच आपटला आणि त्या तरातरा निघून गेल्या.

सगळं संपलं. उद्या ही पुन्हा मागच्या खोलीत, नाहीतर घरीच. वच्छलालाही ते कळत होतं. ती संध्याकाळपर्यंत माल देत राहिली.

दिवेलागणीला अध्यक्षबाईंची गाडी आली. त्या आत आल्या तेव्हा त्यांची मान तिरकी नव्हती. त्या दिवशी त्यांना त्यांच्या मैत्रिणीनं चार बायकांत बोल लावले होते. दुकानात नामदेवराव होते, किसनभाऊ होते, गिऱ्हाइकंही होती. बाईंनी कोणाकडे बघितलं नाही.

“वच्छला! लाज नाही वाटत? इतक्या मोठ्या बाईंशी असं बोलतात? तुझ्यामुळं मला आज मान खाली घालावी लागली! दुकान म्हणजे काय तुझ्या घरचं अंगण वाटलं? उद्यापासून गल्ल्यावर बसशील तेव्हा जिभेला लगाम घालून बस! पुन्हा माझ्या कानावर आलं ना, तर एक मिनिट ठेवणार नाही, सांगून ठेवते!”

इतकं बोलून त्या आल्या तशा निघून गेल्या. त्यांना तसं बोलताना आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं.

वच्छला मान खाली घालून बसली होती. खांदे हलत होते. मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला. तिनं तोंड वर केलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ती हसत होती!

तिनं दारातूनच समोरच्या ठेलेवाल्याला हाळी दिली. “ओ भाऊ! आलूबोंडे आना, गरम गरम! सगळ्यांसाठी! पैसे मी देते!”

किसनभाऊ गोंधळले. “काहून वं पोरी? कशाचे आलूबोंडे?”

“बाईनं मले लय झापलं!”

वेताची पट्टी ओढता ओढता नामदेवराव थांबले. “सगळ्यांसमोर?”

“हौ! सगळ्यांसमोर!”

नामदेवरावांनी हात धोतराला पुसून पुढं केला. “मंग मले दोन दे.”